भरलेल्या पार्किंगचं भांडण

"भरून टाक ना," हे म्हणाले होते. हे म्हणजे माझे यजमान. वायपरखाली अडकवलेलं ते पिवळं पाकीट माझ्या हातात आलं तेव्हाच म्हणाले होते. मी ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, निदान त्या वर्षी तरी झालं नसतं. पण मी कुठली ऐकायला!

२०१७चा हिवाळा होता. ऑन्टारिओत, आमच्या स्कारबरोतल्या एका मेडिकल बिल्डिंगमध्ये माझ्या डोळ्यांची तपासणी होती, मोतीबिंदू पिकायला आला होता. डोळ्यांत थेंब घातले की मला बराच वेळ धड दिसत नाही, म्हणून हे सोबत होते. तसं मला कुठेही हेच घेऊन जायचे. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण हायवेवर गाडी घालायचं धाडस मी कधी केलं नाही आणि तशी वेळ ह्यांनी कधी येऊ दिली नाही. वीज कंपनीतून रिटायर झाल्यावर तर हे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे सारथी झाले होते. कुणाला एअरपोर्टला सोडायचं असे, कुणाला एमआरआयला न्यायचं असे. बर्फ पडायला लागलं की आमचा फोन वाजायचा, आणि हे जेवण अर्धं टाकून किल्ली शोधायला उठायचे. मी कुरकुरायचे, पण मनातून मला बरं वाटायचं. नोकरी संपल्यावर पहिलं वर्षभर हा माणूस खिडकीशी नुसता बसून असायचा. गाडीने त्याला पुन्हा कामाला लावलं होतं.

तर त्या बिल्डिंगच्या मागे एका खाजगी कंपनीचं पार्किंग आहे. तिथे काचेत तिकीट लावायचं नसतं. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकायचा, कार्ड लावायचं, की झालं. मी नाव नोंदवायला पुढे गेले, हे पैसे भरून मागून आले. तपासणी आटोपून बाहेर येतो तर हे पाकीट. पार्किंगचे पैसे न भरल्याबद्दल सत्तर-ऐंशी डॉलर, लवकर भरले तर थोडे कमी.

"तुम्ही भरले होते ना?"

"भरले होते गं."

"मग हे काय?"

"असेल काहीतरी. भरून टाक ना. कुठे डोकेफोड करत बसतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बँकेच्या काउंटरवर जन्म काढलेली बाई. ग्रोसरीच्या बिलात कोथिंबिरीची जुडी दोनदा लागली तर बर्फातून उलट जाऊन पैसे परत आणणारी. संध्याकाळी पलीकडच्या शहरात, वॉनला, राहणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "मॉम, इट्स नॉट इव्हन अ रिअल टिकेट! सिटीने नाही दिलेलं. एव्हरीबडी इग्नोर्स देम."

"आपण पैसे भरलेत," मी म्हटलं. "बुडव्यांसारखं तोंड लपवून का बसायचं?"

"ओके मॉम. हॅव फन."

नवरा म्हणतो भर, मुलगी म्हणते सोडून दे. मला दोन्ही पटेना. क्रेडिट कार्डावर त्या दिवशीचे पैसे कापलेले स्पष्ट दिसत होते. ते जोडून मी कंपनीला खरमरीत ईमेल केली. उत्तर आलं की तुमच्या गाडीच्या नंबरावर त्या दिवशी काहीही भरलेलं नाही. म्हणजे मी खोटं बोलतेय! आता तर मी हट्टालाच पेटले. मशीनच बिघडलेलं असणार, दुसरं काय. ह्यांना घेऊन तिथे जायचं, ह्यांना नंबर टाकायला लावायचा, मशीन भलतंच काही दाखवेल त्याचा फोटो काढायचा आणि कंपनीच्या तोंडावर मारायचा, असा माझा बेत ठरला.

ह्यांना यायचं नव्हतं. आधी गुडघा दुखतोय म्हणाले, मग थंडी फार आहे म्हणाले. स्कारबरोत चाळीस हिवाळे काढलेला माणूस थंडीचं कारण सांगतोय, तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. पण मी कोट घालून दारात उभी होते.

मशीनपाशी वारा असा बोचत होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. ह्यांनी हातमोजा काढून काखेत धरला आणि एका बोटाने टकाटक नंबर टाकला. कुठे अडखळले नाहीत, गाडीकडे वळून बघितलं नाही. "बघ. असंच केलं होतं मी."

मी स्क्रीन वाचली. आधी एम, मग आणखी दोन अक्षरं, मग चार आकडे. हा आमच्या गाडीचा नंबर नव्हता, पण ओळखीचा होता, आणि तो कुठला ते आठवेपर्यंत मी नुसती बघत राहिले. तो स्कूटरचा नंबर होता. आमच्या पुण्याच्या स्कूटरचा. लग्नाच्या आधीपासून ह्यांच्याकडे होती आणि इकडे येताना विमानाच्या तिकिटासाठी विकावी लागली होती. मागे बसून, एका हाताने पदर आवरत, मी तिच्यावरून अख्खं पुणं पालथं घातलेलं. इथल्या नंबरप्लेटवर चार अक्षरं आणि तीन आकडे असतात, आमच्या स्कूटरवर तीन अक्षरं आणि चार आकडे होते. मशीनला काय त्याचं! त्याला सातच्या सात मिळाले, त्याने निमूट पैसे घेतले.

"बरोबर आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आता कॅन्सल करा. उगाच परत पैसे कशाला भरायचे."

फोटो मी काढला नाही. घरी येताना पूर्ण रस्ताभर ह्यांच्या हातांकडे बघत होते. सिग्नल दिला, मान वळवून मागे बघितलं, लेन बदलली, सगळं नेहमीसारखं, माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. त्याने जिवाला थोडा धीर आला आणि भीतीही वाटली. गेल्या वर्षभरातलं एकेक आठवायला लागलं. तीस वर्षांच्या सवयीची हायवेची एक्झिट दोनदा चुकली होती, तेव्हा "गप्पांच्या नादात गेली" म्हणाले होते. मंडळातल्या एकांना त्यांच्या वारलेल्या भावाची ख्यालीखुशाली विचारली होती, तेव्हा मीच हसून वेळ मारून नेली होती. आणि ते "भरून टाक ना". तत्त्वासाठी कुणाशीही भांडणारा हा माणूस पैसे भरून मोकळा व्हायला का बघत होता, ते आता माझ्या लक्षात आलं. ह्यांना स्वतःला शंका आली होती. बहुतेक पाकीट बघितलं तेव्हाच आली होती.

त्याच दिवशी स्वयंपाकघरात बसून, चहा पिता पिता, मी ह्यांना सांगायला हवं होतं. तुम्ही स्कूटरचा नंबर टाकलात हो. एवढंच वाक्य. आम्ही दोघं आधी हसलो असतो, मग कदाचित रडलो असतो, आणि पुढचं काय ते मिळून ठरवलं असतं. माझ्याच्याने झालं नाही. ह्यांनी चहात साखर घातली, ढवळली, आणि मला विचारलं, "झालं का तुझं समाधान?" मी म्हटलं, "मशीनचा काही नेम नाही."

दुसऱ्या दिवशी हे दारातलं बर्फ शोव्हल करायला बाहेर गेल्यावर मी कंपनीला फोन लावला. म्हटलं नंबर टाकताना माझ्या नवऱ्याकडून चूक झाली, पण पैसे तर तुम्हाला मिळालेत. तिकडची मुलगी शोधून म्हणाली, एखादं अक्षर चुकलं असतं तर सोडून दिलं असतं, इथे तर एकही जुळत नाही. मग माझ्या इंग्रजीवरून मी आपल्याकडची आहे हे तिने ओळखलं असावं, कारण आवाज खाली आणून ती हिंदीत आली.

"आंटी, अंकल की तबीयत ठीक रहती है ना?"

मी खिडकीतून बाहेर बर्फ उपसणाऱ्या ह्यांच्याकडे बघितलं.

"कुछ मेडिकल हो तो डॉक्टर का लेटर भेज दीजिए. मैं ख़ुद कैंसल करवा दूँगी."

बिचारीने चांगल्या मनाने सांगितलं. मला अनोळखी मुलीसमोर फोनवर रडू फुटलं, आणि जे नवऱ्याला सांगता आलं नव्हतं ते मी तिला सगळं सांगून टाकलं, स्कूटरसकट.

पैसे तेव्हाही भरता आले असते. पण भरलेले पैसे पुन्हा भरायचे हे माझ्या स्वभावात बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पत्र हे एक निमित्तही वाटलं. ह्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. "तुमच्या डोक्याची तपासणी करायचीय" असं माझ्या तोंडून निघालं नसतं. "वर्षाची तपासणी राहिलीय" हे निघालं.

आमची फॅमिली डॉक्टर मुलीच्या शाळेपासूनची. तिला मी आधीच फोन करून ठेवला होता. तिने ह्यांना पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितलं. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, तर हे झरझर उतरत गेले, तिलाच थांबवावं लागलं. ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी इतकी खूश झाले म्हणून सांगू! मग तिने ते पाच शब्द विचारले. हे छताकडे बघत राहिले. "कुठले शब्द?" म्हणाले.

ह्यांना रक्त द्यायला पलीकडच्या खोलीत पाठवून तिने पत्र लिहून माझ्या हातात दिलं, आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "आय ऑल्सो हॅव टू रिपोर्ट धिस टू द मिनिस्ट्री. हिज ड्रायव्हिंग."

मला आधी नीट कळलंच नाही. पार्किंगचं मिनिस्ट्रीला कशाला? तिने समजावलं, ऑन्टारिओत तसा कायदाच आहे, गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असं वाटलं तर डॉक्टरला लायसन्स देणाऱ्या वाहतूक मंत्रालयाला कळवावं लागतं, त्यात तिच्या हातात काही नाही. मी ते पत्र तिच्या टेबलावर परत ठेवलं. म्हटलं, नको मला हे, मी भरते पैसे. ती म्हणाली, पत्राचा प्रश्न नाही, मी आता त्यांना तपासलंय. मी हात जोडले. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर मी कधी हात जोडले नव्हते. तिचेही डोळे भरून आले, पण ती हो म्हणाली नाही.

आज मुलगी म्हणते, कुणाला काही होण्याआधी झालं ते बरंच झालं. ते खरं आहे. गाडी सुटायला हवीच होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ही गोष्ट आमची दोघांची होती. ती मी पार्किंगच्या कंपनीतल्या मुलीला सांगितली, डॉक्टरला सांगितली, आणि ह्यांना मात्र ती सरकारने कळवावी म्हणून मूग गिळून बसले. एका घरात, एका ताटलीतले पोहे खात, काही आठवडे बसले. त्याची टोचणी जात नाही.

डॉक्टरचं ते पत्र मी शेवटी कंपनीला पाठवलंच होतं. मधल्या काळात त्यांची ईमेल आली, चार्ज रद्द केला म्हणून. ह्यांना मी तेवढंच सांगितलं. काय आनंद झाला त्यांना! डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे घरभर फिरले. चूक आपली नव्हतीच, मशीनची होती, असं त्यांनी स्वतःला समजावून घेतलं असणार. मंडळाच्या पाडव्याच्या पॉटलकला, आपापले डबे घेऊन सगळे जमले होते तिथे, दिसेल त्याला थांबवून सांगत होते, "आमच्या हिने कंपनीला गुडघे टेकायला लावले. तुमच्यापैकी कुणाला टिकेट आलं तर हिच्याकडे या. फी नाही, फक्त पुरणपोळी." सगळे हसत होते. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उगाच पुसत उभी होते. त्या दिवशीही हेच तिघांना घरी सोडून आले, आणि मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते.

ह्यांचं लायसन्स काढून घेतल्याचं मिनिस्ट्रीचं पत्र त्यानंतरच्या आठवड्यात आलं. पोस्ट नेहमी मी आणायचे, त्या दिवशी नेमकी ह्यांनी आणली. जेवणाच्या टेबलाशी उभ्यानेच फोडलं. वाचलं, पान उलटून मागे काही आहे का बघितलं, पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एकांना डायलिसिसला न्यायचं होतं.

"डॉक्टरने कळवलंय," हे म्हणाले.

"हो."

"तिला कुणी सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. तपासणीत कळलं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं.

"मी," मी म्हटलं.

मला वाटलं आता चिडतील, आवाज चढवतील. मला तेच हवं होतं. मीही ओरडले असते, मग रडले असते, आणि कधीतरी ते मिटलं असतं. पण ह्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून लायसन्स काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. मग बँकेत काउंटरपलीकडच्या माणसाला म्हणावं तसं, अगदी नीट, सभ्यपणे म्हणाले, "थँक यू."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तो शब्द आम्ही एकमेकांना कधी म्हटला नव्हता. आपल्यात म्हणत नाहीत. आणि त्या दिवसानंतर, मी पाण्याचा पेला जरी पुढे केला तरी, हे मला न चुकता तो म्हणायला लागले.