विमानतळावरचा काटा

विमानाचं कौतुक कोणी माझ्यासमोर करू नये. परवा शेजारी दिल्लीला विमानानं जाऊन आले आणि आमच्या ओट्यावर बसून वरून ढग कसे दिसतात ते सांगत राहिले. मी उठून आत गेलो. बायको म्हणाली, बरं दिसत नाही. न दिसू दे.

माझा प्रवास दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा. मी वाशीमला शाळामास्तर होतो, माय अनसिंगला राहायची. धाकटी बहीण दिल्लीला दिलेली. जावई तिथं सरकारी कचेरीत होते. ती बाळंत झाली आणि तिला ताप भरला तो उतरेचना. जावयांची तार आली, आईंना घेऊन निघा. पाठोपाठ दुसरी आली की साहेबांच्या ओळखीनं नागपूरहून विमानात दोन जागा मिळवल्यात. आमच्या घरात विमान जवळून कोणी पाहिलेलं नव्हतं. पण ते पडतं का, हे मायनं विचारलं नाही. "पोरीपाशी कवा पोचू?" एवढंच तिनं विचारलं.

"उद्या सांजेले," मी म्हणालो.

निघण्याआधी ती देवीच्या देवळात जाऊन आली. तिथं ती काय बोलली हे मला नागपुरात कळलं.

नागपूरचा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. माझा मामेभाऊ आम्हाला सोडायला आला होता. टेबलामागे टाय बांधलेला क्लार्क आणि त्याच्या बाजूला कापसाच्या जिनात सरकीच्या पोत्यांसाठी असतो तसला काटा. आधी सामान तोललं, मग मला. मग तो मायला म्हणाला, "माताजी, चढिये."

माय दोन पावलं मागं सरली. "मी नाही चढत."

"काहून?" मी विचारलं.

"देवीले बोलली म्या. पोरगी उठली की माह्या भारोभार गूळ वाहीन."

आमच्याकडे असा नवस बोलला की तो फेडताना देवळात तागडी टांगतात. एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात गूळ रचतात. तोवर त्या माणसानं कुठल्याही काट्यावर पाय ठेवायचा नाही. आधीच तोलून घेतलं तर नवस फिटल्यात जमा होतो आणि देवी मागितलेलं न देताच मोकळी होते.

"अन् पोरगी तं अजून तापातच हाये ना," माय म्हणाली.

मला तिचा राग आला. मागं लोक खोळंबले होते. मी म्हणालो, "माय, हे नवसाचं नाही, इमानाचं वजन करून राह्यले."

"काटा तो काटाच."

मग मी क्लार्कला सगळं सांगितलं. हात जोडून सांगितलं, आणि त्या हात जोडण्याचाच आज सगळ्यात जास्त संताप येतो. म्हटलं, किडकिडीत म्हातारी आहे, अंदाजानं आकडा लिहा, हवा तर जास्त लिहा, आमचं सामान इथंच राहू द्या. तो शेजारच्याला इंग्रजीत काहीतरी बोलला आणि दोघंही हसले. "बिना वजन कोई नहीं जाएगा. रूल है," म्हणाला, आणि त्यानं मायच्या नावावर रेघ मारली.

माय मामेभावाला म्हणाली, "मले आगगाडीत बसवून दे बापा. तू बी चाल संगं." मग माझ्याकडे वळली. "तू जाय. तिच्यापाशी आपलं कोनी तरी पायजे."

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. सुटाबुटातले एक धिप्पाड गृहस्थ आत आले आणि काट्याकडे बघून हसत म्हणाले, "अरे, मुझे भी तोलोगे क्या?"

"नहीं नहीं साहब," क्लार्क उभाच राहिला, "अंदाज से लिख देता हूँ."

मी टेबलावर मूठ आपटली. याचं अंदाजानं, मग माझ्या मायचं का नाही? मराठीत, हिंदीत, तोंडाला येईल त्या भाषेत ओरडलो. क्लार्क म्हणाला, यादी बंद झाली. यादी त्याच्या हाताखालीच उघडी पडली होती, शाईसुद्धा वाळली नव्हती. शिपायानं माझा दंड धरला. माय दारातून ओरडली, "भांडू नोको रे! तुहं इमान जाईल!"

मी चढलो. कानात घालायला कापसाचे बोळे वाटले, ते मी खाली टाकून दिले. खिडकीतून काय दिसलं ते मला सांगता येणार नाही, कारण दिल्लीपर्यंत मी पुढे बसलेल्या त्या गृहस्थांची मान बघत होतो. ते घोरत होते.

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा बहीण शुद्धीवर होती. तिनं मला पाहिलं आणि माझ्या मागं दाराकडे पाहिलं.

"माय?"

"येऊन राह्यली. मागून येते."

तिनं मान हलवली, पण दारावरची नजर काढली नाही. अधूनमधून विचारायची, "आली का?" उजाडता उजाडता ते विचारणं थांबलं.

माय पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तिनं जावयांच्या शेजारणीकडून बाळ घेतलं आणि मांडीवर घेऊन बसली. मी क्लार्कला शिव्या द्यायला लागलो की हातानं गप्प करायची, बाळ उठेल म्हणून.

बाळाला घेऊन आम्ही आगगाडीनं परतलो. माय बाळाला थोपटत होती. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुह्या बाजूची जागा कोनाले देल्ली त्याईनं?"

"कोनालेच नाही," मी म्हणालो. "रिकामीच गेली."