सोमवारी आलेला काळे

इथे असले अनुभव लिहिणाऱ्यांना मी बरीच वर्षं मनातल्या मनात हसत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. माझा सगळा जन्म मल्टीमीटर आणि सोल्डरिंगमध्ये गेला. करंट एक तर येतो, नाही तर येत नाही... मधलं काही नसतं. टीव्हीवर एकाच माणसाच्या दोन-दोन आकृत्या दिसायला लागल्या तर गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, नारळ फोडायचा नाही, असं मी लोकांना सांगायचो. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण एक गोष्ट या मतात बसत नाही. मुलगी परवा म्हणाली, "पापा, लिख डालो, किसी को तो पता होगा." म्हणून लिहितोय.

साल १९९६, मे महिना, लखनौ. माझे वडील, अण्णा, साताऱ्याकडचे. एअर फोर्समध्ये होते, शेवटची पोस्टिंग लखनौला झाली आणि तिथलेच होऊन गेले. मी आयटीआय तिथेच केलं आणि कानपूर रोडवर सरोजिनी नगरच्या पुढे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बनवणारी एक फॅक्टरी होती, तिथे लागलो. नऊ वर्षं टीव्हीचे बोर्ड सोल्डर केले. फॅक्टरीतले लोक मला 'काले बाबू' म्हणत. तिकडे ळ नाहीच ना! काळे म्हटलं की काले ऐकू येणार आणि काले लिहिलं जाणार. अण्णांना याचा भारी राग. नाव आपलं आहे तर आपल्या अक्षरात लिही, असं त्यांनी लहानपणीच दटावलं होतं. त्यामुळे ते गेल्यावरही मी सही कायम देवनागरीत केली, ठळक ळ काढून.

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका सकाळी फॅक्टरीच्या गेटला कुलूप दिसलं. रंगीत टीव्ही आले, आमचा माल कुणी घेईना, मालक दिल्लीला निघून गेले. पाच महिन्यांचा पगार थकला होता. आम्ही चाळीस-पन्नास जण दर सोमवारी गेटपाशी जाऊन बसायचो. कुणी शेंगदाणे आणायचं, कुणी पत्ते. होळीपर्यंत आम्ही नऊच जण उरलो. आता हसू येईल, पण त्या गेटवरच्या गप्पांची मला अजून आठवण येते. हातात काही नव्हतं, तरी एकमेकांना धरून होतो.

आम्ही आलमबागेत मिश्राइन चाचींच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. मी, माझी बायको सुनंदा आणि सात वर्षांची मुग्धा. सुनंदाने दोन बांगड्या मोडल्या, कुणाला कळू न देता. मग चकल्या करून एअर फोर्स कॉलनीतल्या मराठी बायकांना विकायला लागली. खाली गुप्ताजींचं किराणा दुकान. त्यांच्या वहीत आमचे सव्वादोन हजार झाले होते. ते कधी बोलले नाहीत. फक्त पूर्वी मला बघून "आइए काले जी" म्हणायचे, ते नुसती मान हलवायला लागले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आमच्या स्टोअरमधला शुक्ला भेटला. त्याने सांगितलं की चिनहटला एक ब्रेडची फॅक्टरी आहे, तिथलं पाकीट गुंडाळायचं मशीन बघणारा माणूस सोडून गेलाय, जाऊन बघ. तेव्हा ब्रेड मेणाच्या कागदात गुंडाळून यायचा, लाल-निळे पट्टे असलेला... आठवत असेल काही जणांना. मी ठरवलं, सोमवारी जायचं. शनिवारी मात्र आधी अमौसीला एका कॉन्ट्रॅक्टरला भेटायचं कबूल केलं होतं. भर दुपारी सायकलने गेलो. तो भेटला नाही. परत येताना लू लागली.

ज्यांनी लखनौची लू बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. भट्टीचं दार उघडं ठेवल्यासारखा वारा. घरी पोचलो ते जिना चढता येईना. रविवारी ताप एकशे चारच्या वर गेला. मिश्राइन चाची कांद्याचा रस काढून तळपायांना चोळत होत्या, सुनंदा कैरीचं पन्हं चमच्याने पाजत होती. मोहल्ल्यातले डॉक्टर सोमवारी दोनदा येऊन गेले, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला. हे मला आठवत नाही, नंतर कळलं. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही. स्वप्नसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण लोक हमखास तेच विचारतात.

मंगळवारी ताप उतरला. गुरुवारी सुनंदा नको म्हणत असताना मी माणसं नेणारे टेंपो बदलत बदलत चिनहटला पोचलो. फैजाबाद रोडवरून आत वळलं की शंभर पावलांवरूनच ताज्या ब्रेडचा वास यायचा. रिकाम्या पोटी त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

गेटवर एक म्हातारा पहारेकरी होता, रामआसरे. मी काही बोलायच्या आत तो स्टुलावरून उठला.

"आ गए काले जी? साहब तो सोमवार से पूछ रहे हैं," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, की तीन दिवसांत तब्येत बरीच उतरली तुमची.

मला वाटलं, शुक्लाने आधी सांगून ठेवलं असेल, आणि हा मला दुसराच कुणी समजतोय. मी आत गेलो. मालक मेहरोत्रा साहेब, पन्नाशीचे, पिठाने पांढऱ्या झालेल्या बुटांत फिरणारे. त्यांनी मला बसवून पाणी मागवलं आणि जरा रागानेच विचारलं की त्या दिवशी न सांगता का निघून गेलात.

त्यांच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. दोन दिवस मशीन बंद होतं. कागद भलतीकडेच कापला जायचा, नाव अर्धं या पाकिटावर, अर्धं त्या पाकिटावर. बायका हाताने ब्रेड गुंडाळत होत्या. सोमवारी अकराच्या सुमाराला मी आलो म्हणे. नाव सांगितलं, सोल्डरिंगचं सामान मागितलं, मशीनमागे मांडी घालून बसलो. चहा आणला तो घेतला नाही. एकच्या सुमाराला मशीन सुरू झालं. मेहरोत्रा साहेब फोनवर होते, ते बाहेर येईपर्यंत मी गेलेलो. त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. त्या कामाचे तीनशे रुपये. आणि म्हणाले, एक तारखेपासून या, अठराशे देईन.

अठराशे. मला आधी नऊ वर्षांनी चौदाशे मिळत होते.

खरं सांगतो, गप्प बसावं असं मनात आलं. घरी डाळ संपत आली होती. पण पाकिटाला हात लावायला गेलो आणि जमलं नाही.

मी म्हणालो, "साहब, सोमवार को मैं नहीं आया था. मैं बुखार में पड़ा था."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "पैसा लेकर मुकरने वाले बहुत देखे, काले जी. काम करके मुकरने वाला पहली बार देख रहा हूँ."

काम करून नाकबूल करणारा मी त्यांना पहिलाच भेटलो होतो. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा हसण्यावारी नेलं. तेव्हा मी म्हटलं, मशीन तरी दाखवा. त्यांनी एका कामगाराला सोबत दिलं.

त्या मशीनमध्ये एक डोळा असतो. कागदावरची काळी खूण त्याला दिसली की पातं खाली येतं. डोळ्यामागे छोटा बोर्ड. मी झाकण उघडलं. आता हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. सोल्डरिंग म्हणजे हस्ताक्षर असतं. मी डावखुरा आहे. फॅक्टरीत आमच्या लाइनवर मी एकटाच डावखुरा होतो, त्यामुळे पार्टच्या तारांचे पाय मी सगळ्यांच्या उलट्या बाजूला वाकवायचो आणि कापताना तिरके कापायचो. सुपरवायझर लांबून बघून सांगायचा, हा बोर्ड काले बाबूचा. त्या मशीनमध्ये जुन्या, काळवंडलेल्या सोल्डरच्या टाक्यांमध्ये पाच टाके नवे, चकचकीत होते. पाय उलट्या बाजूला वाकवलेले. तिरके कापलेले.

मी तिथेच जमिनीवर बसलो. तो कामगार घाबरला, त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन आला.

बाहेर जाताना मी रामआसरेला रजिस्टर दाखवायला सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाने नाव आणि वेळ लिहायची पद्धत होती. सोमवारच्या पानावर सगळी नावं हिंदीत, एक-दोन इंग्रजीत. पाचव्या ओळीत माझं नाव — विनायक काळे, १०.५०. ठळक ळ. मी त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा होतो. शेवटी रामआसरेने हळूच रजिस्टर काढून घेतलं.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, देवापुढे दिवा लावेल. ती परातीत पीठ मळत होती, ती मळत राहिली. मग तिने नीट आठवून सांगितलं. सोमवारी डॉक्टर दहाला येऊन गेल्यावर माझं अंग एकदम गार पडायला लागलं होतं. ती घाबरली, चाचींना हाक मारली, आणि माझा हात धरून बसली.

"डावा हात," ती म्हणाली. "दोन वाजता डॉक्टर परत येईपर्यंत सोडला नाही मी. सोडला की तुम्ही जाल असं वाटत होतं."

मी त्या हाताकडे बघितलं, मशीनमधले ते टाके याच हाताचे होते. मी म्हणालो की मी तीनशे रुपये घेतले नाहीत, ते माझे नव्हते. त्यावर ती म्हणाली, "अहो, तो जो कोण होता तो आपल्याच घरासाठी आला होता ना? पुढच्या वेळी दिले तर घ्या आणि गुप्ताजींना द्या."

एक तारखेला मेहरोत्रा साहेबांनी ते पाकीट पुन्हा पुढे केलं. मी घेतलं. संध्याकाळी गुप्ताजींच्या हातावर ठेवलं. त्यांनी न मोजता गल्ल्यात टाकलं आणि मुग्धासाठी मूठभर लेमनच्या गोळ्या दिल्या. बाकीची उधारी फिटायला दिवाळी उजाडली. जुन्या फॅक्टरीचा पगार मात्र आजतागायत मिळालेला नाही, तो बुडाला तो बुडालाच.

मी जमेल तितकी चौकशी केली. शुक्लाने शपथेवर सांगितलं की त्याने चिनहटला कुणालाही माझं नाव सांगितलं नव्हतं, तिथे त्याची कुणाशी ओळखच नव्हती. आमच्या लाइनवरचं कुणी मुद्दाम माझ्या नावाने गेलं असेल म्हणावं, तर नोकरीची गरज त्यालाही होती, मग पैसे आणि नोकरी माझ्यासाठी टाकून तो का जाईल? आणि त्यांच्यातल्या कुणाला ळ कुठून येणार? दिसायला माझ्यासारखा कुणी असेलही. पण मशीनवरच्या चार बायकांनी, मालकांनी आणि पहारेकऱ्याने, सगळ्यांनी मलाच ओळखलं.

मी त्या फॅक्टरीत अकरा वर्षं काढली. चांगली वर्षं होती. संध्याकाळी मोडके-तुटके ब्रेड कामगारांना वाटायचे, ते डब्यात घालून मी घरी न्यायचो. मुग्धा जिन्यात उभी असायची, "पापा, आज मीठा वाला मिला?" विचारायला. चाचींच्या अंगणात उन्हाळ्यात सगळे खाटा टाकून बसायचे. आता आम्ही साताऱ्याला असतो, सगळं मराठी, नाव कुणी चुकवत नाही. तरी भाजीवाल्याला तोंडून 'भैया' निघून जातं आणि सुनंदा हसते. पण त्या नोकरीत एक बोच कायम राहिली. ही जागा मी मिळवलेली नाही, कुणीतरी माझ्या आधी येऊन मिळवून ठेवली होती, असं वाटत राहायचं. म्हणून मी कधी उशिरा गेलो नाही, कधी खोटी रजा टाकली नाही.

रामआसरे नोकरी सोडून गावी जायला निघाला तेव्हा सात-आठ वर्षं होऊन गेली होती. त्याला हार घातला, पेढे वाटले. गेटपर्यंत सोडायला मी एकटाच गेलो. इतक्या वर्षांत त्या सोमवाराचा विषय आम्ही कधी काढला नव्हता. त्यानेच काढला. म्हणाला, गुरुवारी तुम्हाला बघताक्षणी मला एक फरक जाणवला होता, पण तुमची नोकरी नवीन लागत होती, म्हटलं कशाला बोला.

कसला फरक, मी विचारलं.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "सोमवार को जो आए थे ना बाबू, उनके चेहरे पर कोई फ़िकर नहीं थी. जैसे सब कुछ निपट चुका हो."

टेंपो आला, तो गेला. बलरामपूरकडचं कुठलंसं गाव होतं त्याचं, पुन्हा भेट झाली नाही.

आज माझ्यावर कुणाचं देणं नाही, मुलगी मार्गाला लागली, तब्येत बरी आहे. कधीकधी दाढी करताना आरशात तसाच चेहरा दिसतो, रामआसरेने सांगितला तसा. मग मी रेझर खाली ठेवतो आणि जरा वेळ तिथेच उभा राहतो. हा मी की तो सोमवारचा, याच्या पुढे काही सुचत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा.