न पुकारलेले युद्ध

गोंदियाच्या वकिलांच्या खोलीत नागपूरचे वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने येई आणि ज्याच्या हाती ते आधी पडे, तो मथळा मोठ्याने वाचून दाखवी. इटलीचे सैन्य आबिसिनियात शिरले त्या वेळी कोणीतरी ओरडले, "युद्ध पेटलं!" कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या काशीनाथजींचा अडकित्ता थांबला नाही. "पुकारलं कोणी?" एवढेच त्यांनी विचारले. जपानने चीनची शहरे घेतली तेव्हाही तेच. "अहो, माणसं मरताहेत तिथं," असे कोणी म्हटले की ते शांतपणे म्हणत, "मरत असतील. वाईटच आहे. पण एका राज्यानं दुसऱ्याला कळवल्याखेरीज कायद्यात त्याला युद्ध म्हणत नाहीत."

मी त्यांच्या हाताखाली नुकताच वकिली शिकत होतो. माझ्या पहिल्याच फिर्यादीतला 'भयंकर' हा शब्द त्यांनी खोडला. "मारहाण झाली ना? मग 'मारहाण' लिहा. भयंकर होती की नाही, ते न्यायाधीश ठरवील." एकदा तिरोड्याकडचे काही शेतकरी तलावाच्या पाण्यावरून डोकी फोडून घेऊन आले आणि "दोन गावांची लढाई झाली जी" असे सांगू लागले. काशीनाथजींनी आधी त्यांना ओसरीवर बसवून ताक दिले. मग म्हणाले, "लढाई राजे करतात. तुम्ही मारामारी केली. तसंच लिहू." डोक्याला फडके बांधलेला त्यातला म्हातारा यावर थोडा हिरमुसला.

माणूस कोरडा नव्हता. पण शब्द सैल वापरलेला त्यांना सोसत नसे.

दुसरे महायुद्ध संपले आणि तहसील कचेरीच्या आवारात एक शिळा बसवायचे ठरले. या महायुद्धात मेलेल्या तालुक्यातल्या शिपायांची नावे तिच्यावर कोरायची होती. त्या दिवसांत नागऱ्याची भागरताबाई आमच्याकडे आली. पोवार समाजातली विधवा, थोडी धानाची शेती, अंगावर स्वच्छ जुने लुगडे. तिचा एकुलता मुलगा दशरथ लष्कराच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. महायुद्धाच्या आधी, वायव्य सरहद्दीवर, डोंगरातून आलेल्या गोळीने तो मेला होता. त्याचे नाव शिळेवर घ्या म्हणून ती कचेरीत गेली, तर कारकून म्हणाला, "माई, वो जंग नहीं थी, बंदोबस्त था."

"जंग नोहे त मंग गोळी कायले लागली जी?" तिने काशीनाथजींना विचारले.

काशीनाथजींनी तिला नीट समजावले. सरहद्दीवर टोळ्या होत्या, राज्य नव्हते. सरकारने युद्ध पुकारले नव्हते. म्हणून कारकून बोलला ते चूक नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले.

"पेन्शन भेटते मले, पैशाचं नाई म्हणत मी," ती म्हणाली. "पन गावात म्हणतेत, दशरथ दारू पिऊन गाडी उलटवून मेला. लढाईच नव्हती तं अजून कायनं मरन, म्हणतेत. नातू आता मोठा होऊन राहिला. त्याच्या कानावर हेच पडून राहिलं."

काशीनाथजींनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्ज लिहा."

जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा आम्ही भागरताबाईला घेऊन डाकबंगल्यावर गेलो. तहसीलदारही तिथेच होते. ते वकिलांच्या खोलीत पत्ते खेळायला येत. काशीनाथजींचे बोलणे संपायच्या आत ते हसून म्हणाले, "पण काशीनाथजी, पुकारलं कोणी?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काशीनाथजी मात्र रागावले नाहीत.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "मी आजवर म्हणत आलो ते कायद्यानं बरोबर आहे, आजही म्हणेन. पण युद्ध पुकारतात ते कशासाठी? शत्रू कोण, करार कुठले मोडले, माल कोणाचा अडवायचा, हे ठरावं म्हणून. माणूस कशानं मेला, ते त्या जाहीरनाम्यावरून ठरत नाही, साहेब. ते गोळीवरून ठरतं."

साहेब भला माणूस होता. त्याने सगळे ऐकले, भागरताबाईला खुर्ची दिली. पण शिळा याच महायुद्धाची, असा वरून आलेला हुकूम; तो काही करू शकत नव्हता. दशरथचे नाव शिळेवर आले नाही.

पुढच्या आठवड्यात काशीनाथजींनी छकडा जोडायला सांगितला आणि मला घेऊन नागऱ्याला गेले. महादेवाच्या देवळापुढे संध्याकाळची माणसे बसलेली होती. भागरताबाई नातवाला घेऊन आली. काशीनाथजी कोर्टात उभे राहत तसे उभे राहिले. काळा कोट घालायला ते विसरले नव्हते.

"दशरथ गाडी उलटवून मेला, असं इथं बोललं जातं," ते म्हणाले. "ते खोटं आहे. तो सरहद्दीवर गोळी लागून मेला. लढाईत मेला."

मागून एकाने विचारले, "सरकार तं लढाई नोहे म्हणते जी?"

"सरकार म्हणतं. मी लढाई म्हणतो."

 मग एक म्हातारा सरकला आणि त्याने दशरथच्या पोराला जवळ बसवून घेतले.  येताना छकडा कचेरीतल्या शिळेवरून पुढे गेला, तेव्हा काशीनाथजींनी एवढेच विचारले, बैलाला पाणी पाजले का.

पुढच्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्य अगदी दारात आले असता, थोड्याशा तापाचे निमित्त होऊन ते गेले. तेराव्याला त्यांच्या घरी गर्दी होती. भागरताबाई घरच्या धानाचे तांदूळ फडक्यात बांधून आली आणि बायकांच्या मागे बसली. काशीनाथजींच्या बहिणीने तिला विचारले, "तुम्ही कोण, बाई? ओळखलं नाही."

"यायनं माह्या पोराची साक्ष देल्ली," ती म्हणाली.

वकील बाजू मांडतो, साक्ष देत नाही. एवढे तर मी त्यांच्याचकडे शिकलो होतो. मी तिचा शब्द दुरुस्त केला नाही.