पाणी शेवटी प्यावे

वसंता गेल्याची तार सांगलीला आली तेव्हा मी छापखान्यात होतो. हाताला शाई होती, तारेवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. विषमज्वर. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता म्हणे. मला कुणी कळवलंच नाही. वाईला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बेचाळीसला आम्ही एकाच पिशवीतून पत्रकं वाटली. पुढे माझी पत्रकं लांबत गेली, त्याची आखूड होत गेली. शेवटी त्याने एकच पान काढलं : ‘वाटाड्यावाचून वाई’. पाहुण्याने ते हातात धरून कृष्णेच्या घाटांवरून आपलं आपण फिरावं, वरच्या घाटाकडून खाली, प्रवाहाबरोबर. इथे थांबा, मोठ्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पाहा, पुराचं पाणी कापायला ती माशासारखी निमुळती केली आहे... आणि अगदी वर, ठळक खिळ्यांत जुळवलेल्या ओळी : ‘तांब्या रिकामा न्यावा. तहान लागली तरी वाटेत पिऊ नये. पाणी शेवटी प्यावे.’

शेवटचा थांबा म्हणजे घाट संपल्यावरचा चिखल. तिथे पायऱ्या नाहीत. गावाच्या आंघोळी नि धुणी झाल्यावर उरलेलं पाणी तिथे येतं, आणि वरच्या घाटाला शिवायची ज्यांना बंदी आहे ती माणसं तेच भरतात. तिथली तानूमावशी आपल्या कळशीतून वसंताच्या पितळी तांब्यात पाणी ओतायची आणि तो गटागटा प्यायचा. पहिल्या खेपेला मी नाक मुरडलं. तो म्हणाला, “सांगलीकर, तू तरी बोलू नकोस गड्या. कृष्णेवर तूही वाईच्या खालीच राहतोस.” मावशी हसली. “प्या वो दादा, मरत न्हाई तुमी.”

आता गावातली चार प्रतिष्ठित मंडळी वसंताच्या स्मरणार्थ ते पान पुन्हा छापणार आहेत. कागद त्यांचा, छपाई मी करायची. अट एवढीच, की शेवटचा थांबा गाळायचा. “त्या पाण्यानेच गेला हो पोरगा,” त्यांतले एक डोळे पुसत म्हणाले. गेला असेल. पण महाराज, तेच पाणी तिथली पोरंबाळं रोज पितात. त्यांच्या तापाची तार कुणाला जाते? पाणी वाईट आहे हे तुम्हाला वसंता मेल्यावर कळलं, आणि उपाय काय काढलात, तर ओळ खोडा!

परवा ते पान घेऊन मी एकटा चाललो. भर उन्हात, त्याचा तांब्या हातात. थांबायला सांगितलं तिथे थांबलो, वळायला सांगितलं तिथे वळलो. कागदावर तो बोलत होता... पण मी उलटून बोललो तर ऐकायला कुणी नव्हतं. खाली मावशीपुढे तांब्या धरला. तिने कळशी मागे घेतली.

“न्हाई वो. माज्या हातचं पिऊन गेलं लेकरू, म्हनत्यात समदी.”

“आणि तुम्ही हेच पिता ना, मावशी?”

“आमी कुटं जावं?”

मी तांब्या खाली ठेवला. “वर. माझ्याबरोबर.”

तिने कळशी खाली टेकवली. “वसंतदादा बी हेच म्हनायचं. तवा म्या हसले हुते.” मग म्हणाली, “तुमी फुडं व्हा. ऐतवारी बगू.”

कागद त्यांचा त्यांना परत केला. पान मी माझ्या खर्चाने छापलं आहे. एक शब्दही गाळलेला नाही, फक्त वाट उलटी केली. पहिला थांबा मावशीचा. तिथून माणसं बरोबर घ्यायची आणि प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. पाणी शेवटीच प्यायचं, पण वरच्या घाटावर, सगळ्यांनी.

रविवारी निघतो आहे. कोण येईल ठाऊक नाही. आजवर पुढे तो चालायचा, मी त्याच्या पाठीकडे बघत. तांब्या फळीवर पालथा आहे, आतून कोरडा ठणठणीत. तो कधी पाणी भरून निघालाच नाही.