वीरभद्र मिस्त्रीचा डावा कान

लातुरात औसा रोडच्या बाजूला, शिकवण्यांच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या एका गल्लीच्या तोंडाशी वीरभद्र मिस्त्रीचं गॅरेज होतं. जुनी गाडी असली की लोक त्याच्याकडेच यायचे. बॉनेट उघडायच्या आधी तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि नेमकी खोड सांगायचा, अशी त्याची ख्याती. पण ती त्र्याण्णवच्या आधीची.

त्या वर्षीच्या भूकंपात गावाकडचं जड मातीच्या छताचं माळवदाचं घर त्याच्या अंगावर आलं. आई गेली. त्याला लोकांनी दुपारी दगडमातीतून बाहेर काढलं. हातपाय शाबूत होते, पण त्या दिवसापासून डाव्या कानात एक बारीक टकटक सुरू झाली. आली की तासभर राहायची, मग आपोआप विरायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायको शांतम्मालाही नाही. ज्याला कानात भलतंच ऐकू येतं, त्याच्याकडे गाडी कोण आणेल? तो आपला गिऱ्हाइकालाच विचारायचा, ‘आवाज कसा येतो, जरा करून दाखवा,’ आणि त्यावरून अंदाज बांधायचा. सात-आठ वर्षं असंच निभावलं.

मग देविका मॅडमची ॲम्बेसेडर आली. गाडी त्यांच्या वडिलांची, पंचवीस वर्षांची. मॅडम लातुरात केमिस्ट्री शिकवायच्या आणि दर रविवारी नांदेडला एक बॅच घ्यायला स्वतः चालवत जायच्या.

“अण्णा, सकाळी चालू केली की टकटक करते,” त्या म्हणाल्या. “अहमदपूर येईस्तोवर थांबते. मग काही नाही.”

गार असताना यायची, गरम झाल्यावर जायची. वीरभद्रनं हातातला पाना खाली ठेवला. ही तर आपल्या कानातलीच तऱ्हा. त्यानं गाडी चालू केली, उजवा कान पुढे केला, मग डावा. टकटक दोन्हीकडे होती. की एकीकडेच होती? त्याला ठरवता येईना. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट ढिले असतील म्हणून त्यानं ते कसले, तोवर इंजिन तापलं होतं आणि आवाजही गेला होता.

“झालं, मॅडम. न्या आता.”

पुढच्या सोमवारी मॅडम परत आल्या, त्या उतरलेल्या चेहऱ्यानंच. “आवाज आहेच, अण्णा. आणि काल नांदेडला पोचेस्तोवर डोकं असं ठणकत होतं की फळ्यावर समीकरण चुकीचं लिहिलं. साठ पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. मलाच घरी आल्यावर कळलं.”

“काचा बंद होत्या का?”

“धूळ किती असते रस्त्याला. बंदच ठेवते.”

बोलता बोलता त्या थबकल्या. “धूर आत येत असेल का? कार्बन मोनॉक्साइड? मी शिकवते हो हे पोरांना. स्वतःच्या बाबतीत सुचलंच नाही.”

वीरभद्रनं गाडीची चावी मागून घेतली. ‘झालं, न्या’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणालो? बाईमाणूस एकटी, दोन-अडीच तासांचा रस्ता. “गाडी इथंच राहू द्या,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शांतम्माला हाताला धरून गॅरेजात घेऊन आला. रबरी नळीचं एक टोक तिच्या कानाला लावलं आणि गाडी चालू केली.

“दुसरं टोक इंजिनावरून फिरव. टकटक कुठं मोठी होते ते सांग.”

“मी? तुमी ऐका की.”

त्यानं डाव्या कानाला हात लावला. “मला कळंना गेलंय, शांते. भूकंपापासून ह्या कानात आवाज येतो. बाहेरचा कोणता, माझा कोणता, काय बी समजंना.”

शांतम्मानं त्याच्याकडे पाहिलं. “आठ वर्सं?”

“हाव.”

ती रागानंच इंजिनाकडे वळली. नळी फिरवत फिरवत मागच्या टोकाला आली आणि थांबली. “हितं. फटफट करायलंय.”

त्यानं इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं. जळका धूर बाहेर नेणारा ओतीव मॅनिफोल्ड इंजिनाला जिथं बसतो, तिथं मागच्या बोल्टाशी काजळीची काळी रेघ होती. मधलं पॅकिंग जळालं होतं. गार असताना फटीतून धूर फुंकायचा आणि थोडा गाडीतही शिरायचा, लोखंड तापून फुगलं की फट मिटायची. म्हणून आवाज जायचा. इतकं सरळ होतं. डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आपण दोनदा कानानं शोधत बसलो, याचंच त्याला नवल वाटलं.

नवं पॅकिंग घातलं. तिसऱ्या दिवशी गार इंजिन चालू करून सांध्यावर साबणाचं पाणी सोडून पाहिलं तर त्याच जागी बुडबुडे, म्हणजे धूर निघतच होता. पुन्हा सगळं खोललं. पॅकिंग तर कोरं, बोल्ट घट्ट. मग काय? तो अर्धा दिवस मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन नुसता बसला. शेवटी शांतम्माच म्हणाली, “भाकरीगत वाकलंय का बघा.” त्यानं जाड काचेवर मॅनिफोल्ड पालथा ठेवला. मागच्या टोकाखालून उजेड दिसला. वर्षानुवर्षं तापून तो वाकडा झाला होता. लेथवाल्याकडून त्याचं तोंड सपाट करून आणलं, मागचा गंजका बोल्ट बदलला, आणखी एक पॅकिंग घातलं, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे कसत नेले.

शनिवारी सकाळी मॅडम आल्या. गार गाडी चालू झाली. बुडबुडा एकही नाही. पण वीरभद्रला टकटक ऐकू येतच होती.

“आवाज येतो का गं?” त्यानं शांतम्माला हळूच विचारलं.

“न्हाई. काय बी न्हाई.”

“नक्की?”

“नक्की.”

मॅडम दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. वीरभद्रनं त्यांना खरं ते सांगून टाकलं, कानाचं, आणि त्या दिवशी अंदाजानं ‘न्या’ म्हटल्याचंही. “उद्या काचा थोड्या उघड्या ठेवून जा,” तो म्हणाला. “डोकं दुखलं तर तिथूनच फोन करा. मी येतो.”

रविवारी तो दिवसभर शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनपाशी घुटमळत होता. दुपारी मॅडमचा फोन आला. डोकं ठीक होतं, फळ्यावरचंही बरोबर होतं.

त्यानंतर शांतम्मा स्वयंपाक उरकून रोज सकाळी ऐकायला गॅरेजात यायला लागली. पण एकदा एका गाडीपाशी ती म्हणाली, आज दोन आवाज येतात. त्याला एकच येत होता. तो गाडीचा की त्याच्या कानातला, हे दोघांनाही सांगता येईना. मग त्यानं साबणाच्या पाण्याची बादली घेतली आणि तो वाकून डोळ्यांनीच बघायला लागला.