वाकल्यावर कमी दुखायचं

माणसाच्या जगण्याची गुणवत्ता आता अचूक मोजता येते. त्यासाठी चार पानांचा फॉर्म असतो. माझ्या बायकोचा फॉर्म मी भरला, सुवाच्य अक्षरात. मी एकोडीत शिक्षक आहे. कुठलाही फॉर्म आला की घरात तो माझ्याकडेच सरकवला जातो.

त्याच्या अर्धा तास आधी नागपूरच्या डॉक्टरांनी सुनंदाचा सीटी स्कॅन पाहून सांगितलं होतं, "क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस." म्हणजे स्वादुपिंडाची कायमची सूज. जठराच्या मागे असलेला हा अवयव पाचक रस आणि इन्शुलिन तयार करतो. तिच्या स्वादुपिंडाच्या नळीत खडे झाले होते.

"दारू?" डॉक्टरांनी मला विचारलं. आजार तिचा आहे हे आठवल्यावर तिच्याकडे पाहिलं.

"आमच्या घरी चहाबी कमीच पेतात जी," सुनंदा म्हणाली.

दारूशिवायही हा आजार होतो, असं मग त्यांनीच सांगितलं. गावाला ते पटवायला मला बराच काळ लागला.

आजार शरीरात किती आहे हे तपासण्या सांगतात. जगण्यात किती शिरला आहे हे 'क्वालिटी ऑफ लाइफ'च्या प्रश्नावलीतून कळावं, अशी अपेक्षा असते. मी प्रश्न वाचत होतो, ती उत्तरं देत होती. वेदनेमुळे कामात किती अडचण आली?

"कायची अडचण? रोवणी झाली ना पुरी."

मी खूण केली. त्यात खोटं काही नव्हतं. भाताची रोपं लावणाऱ्या बायकांच्या रांगेत ती रोज होती. आमचं आटोपल्यावर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरातही गेली. शाळेत मी हे कौतुकानं सांगायचो.

गुण फार कमी पडले. या परीक्षेत कमी म्हणजे उत्तम. "दुर्बिणीनं खडे काढता येतील," डॉक्टर म्हणाले, "पण त्रास एवढा कमी असेल तर घाई नको. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घ्या." म्हणजे बाहेरून दिलेला पाचक रस. मला पास झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या चार महिन्यांत तिचं वजन उतरलं. उपवास वाढले. मी देवाधर्मावरून टोमणे मारले. खाल्लं की दुखतं म्हणून ती खात नव्हती, आणि न खाण्याचं कारण कुणी विचारू नये म्हणून तिनं देव पुढे केले होते.

दुसऱ्या खेपेला दवाखान्यात आमच्याच भागातली एक सिस्टर भेटली. माहेर कोंढ्याचं. तिनं जुना फॉर्म वाचला आणि सुनंदाजवळ स्टूल ओढून बसली.

"रोवणीत दुखत नव्हतं का वं?"

"दुखे ना. पन वाकलं का जरा बरं वाटे. उभी झाली का जीव जाये."

"म्हणून दुसऱ्याच्या बांधीत गेल्ती?"

"घरी दिवसभर वाकून बसली असती तं लोक इचारतीन ना, काय झालं म्हणून. बांधीत सारेच वाकतात."

सिस्टरनं मला समजावलं. स्वादुपिंड पाठीच्या कण्याला लागून असतं. पुढे वाकल्यावर या दुखण्याच्या रुग्णांना थोडा आराम पडतो. पुस्तकांत हे लिहिलेलं आहे. माझ्याकडे पुस्तकं पुष्कळ आहेत.

"सर, तुम्ही जरा तिकडे बसा," ती म्हणाली. मी दोन खुर्च्या सोडून बसलो. तिथून ऐकू येत होतं.

झोप? "बसून झोपतो, उशी पोटाशी धरून." मला वाटायचं, तिला सवय आहे. भविष्याची भीती वाटते? "रोज वाटते. पन यायले नोका सांगू." 'यायले' म्हणजे मला.

मी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र पाहत राहिलो. त्यात सहा पायऱ्या आहेत.

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. आकड्यांप्रमाणे चार महिन्यांत तिचा त्रास तिप्पट झाला होता. खरं म्हणजे तो पहिल्या दिवसापासून तेवढाच होता.

मग ईआरसीपी झाली. तोंडावाटे दुर्बीण घालून खडे काढले आणि वाट उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवली. दुखणं कमी झालं, थांबलं नाही. पुढे मधुमेह आला, इन्शुलिन सुरू झालं. "गेलेलं स्वादुपिंड परत येत नाही," डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी गोड बोलणं टाळलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तुमच्या घरी हा आजार आला तर एवढंच करा. फॉर्म भरताना दोन खुर्च्या सोडून बसा. काम होतं का, असं विचारू नका. काम कसं करतेस, असं विचारा. आणि एखादी कोंढ्याची सिस्टर मिळावी, हे नशिबावर सोडा. तिचे उपकार आमच्याकडून फिटणारे नाहीत.

गेल्या महिन्यात सुनंदानं फॉर्म स्वतः भरला. एका प्रश्नापाशी ती अडली: तुमच्या आजाराचा घरच्यांना किती त्रास होतो?

"सांगा ना, काय लिवू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चौकट मोकळी सोडली.

काउंटरवर मी चौकशी केली. मोकळ्या चौकटीला शून्य धरतात. शून्य म्हणजे त्रास नाही.