दिव्यावर हात
मी एका जमीनदाराची मोटार चालवायचो. एकदा तेलाचा लाल दिवा लागला तो विझेचना. मी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून दाखवली, तेल पुरेपूर होतं. मालकाने तिकडे पाहिलंही नाही.

"तेल इकून राह्यला तू. ठेव दिव्यावर हात, घे शपथ."

देवापुढच्या समईवर घेतात तशी मी त्या मोटारीच्या दिव्यावर शपथ घेतली. दिवा जळतच राहिला.

"पाह्य, खोटी हाय."

मालेगावात मिस्त्रीने इंजिनावरच्या, तेल कमी झालं की दिवा लावणाऱ्या स्विचवरची तार काढली, तरी दिवा जळतच. दोष तारेचा होता. ती घासून उघडी पडली होती आणि इंजिनाला टेकली होती. मिस्त्रीने टेप गुंडाळली आणि दिवा विझला.

मालक माझ्याकडे पाहून हसला. "बरं झालं. आता चोरशीन त मले लगेच दिसन."